दोनचं पाणी

माजिवडा, ठाणे
१२ नोव्हेंबर २०२४

आदरणीय राजामामा,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुम्ही "काय? काय?" करता आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ओरडते. येणारे-जाणारे बघतात. पंपहाउसने तुमचे कान खाल्ले, त्यात माझा आवाज बारीक. आई म्हणाली, राजाला पत्र लिही, लिहिलेलं त्याला बरोबर ऐकू येतं. म्हणून हा उद्योग. ठाण्याहून कल्याणला पोचायला पत्राला चार दिवस लागतील, लागू देत.

तुम्ही मागे विचारलेलंत, कंपनी एवढी मोठी, मग तू नक्की बनवतेस काय? खरं सांगू, काहीच नाही. कॉम्प्युटर आणि प्रोग्राम बनवणारे वेगळे. आमचा विभाग सल्ला आणि सेवेचा. दुसऱ्याचं काम कुठे अडलंय ते त्याच्या घरात जाऊन बघायचं, उपाय सांगायचा आणि तो सुरळीत चालेपर्यंत तिथून हलायचं नाही. सध्या एका शहराचं पाणीखातं आमच्याकडे आलंय. नाव लिहायची मला परवानगी नाही, पण तुम्ही तिथेच चौतीस वर्षं व्हॉल्व्ह खोलणारा चावीवाला होतात, तेव्हा ओळखाल.

मामा, सहाशे ठिकाणी पाइपांवर आम्ही यंत्रं बसवली आहेत. प्रत्येक यंत्र दर सेकंदाला सांगतं, आत्ता इथून किती पाणी गेलं. ते सगळं आमच्या चौदाव्या मजल्यावर एका भिंतीवर दिसतं. अख्ख्या शहराचा नकाशा काळा असतो. सकाळी टाकीचं पाणी सुटलं की एक निळी रेघ निघते, तिला फाटे फुटतात, फाट्यांना फाटे, आणि अर्ध्या तासात सगळं शहर निळं होतं. पहिल्या दिवशी हे बघितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आमचे साहेब, सलिल सर, वीस वर्षं या धंद्यात आहेत, तेही चहाचा कप हातात धरून बघत उभे होते.

तुमची आठवण आली. जुन्या लाइनींची माहिती इथे कोणाला धड नाही. मी विचारेन, तुम्ही सांगा. सांगाल ना?

तुमची भाची,
स्वप्ना

—

कोळसेवाडी, कल्याण पूर्व
१९ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्ना,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. तुझ्या मामीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, सल्ला द्यायची नोकरी असते हे आधी कळलं असतं तर मी लग्नच केलं नसतं.

ज्याचं नाव लिहायची तुला परवानगी नाही त्या खात्याचा पगार खाऊन मी म्हातारा झालो. पण तू म्हणतेस ती भिंत मी कधी पाहिली नाही, कोणीच पाहिली नव्हती. आम्ही जमिनीवर उभे, पाणी जमिनीखाली. हातातल्या चावीला जेवढं कळायचं तेवढंच आम्हाला कळायचं. पाणी पुढे कुठवर पोचलं ते माणसं भांडायला आली की समजायचं.

तू विचारशील म्हणून आधीच एक सांगून ठेवतो. व्हॉल्व्ह एकदम खोलायचा नसतो. पाणी पाइपात धडक मारतं, जुना सांधा निखळतो. तीन आटे फिरवायचे, थांबायचं, मनात पंचवीस मोजायचे. पुन्हा तीन आटे, पुन्हा पंचवीस. असं पाच वेळा. शेवटी एक आटा मागे घ्यायचा, म्हणजे चावी अडकत नाही. हे पुस्तकात नाही, माझं मी बसवलं. बाकीचे चावीवाले हसायचे, राजरत्न पाण्याला अंगाई म्हणतो म्हणायचे. पण माझ्या भागात लाइन फुटली नाही.

एक विचारतो. तुमची ती भिंत नवीन लाइनीच दाखवते की जुन्या, बंद पडलेल्याही?

तुझा,
राजामामा

—

माजिवडा, ठाणे
९ डिसेंबर २०२४

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

सहा तारखेला चैत्यभूमीवर तुम्ही भेटाल वाटलं होतं. आई म्हणाली गुडघा दुखतोय. इतक्या वर्षांत तुमचा सहा डिसेंबर चुकलेला मी पाहिला नाही. गरम पाण्याने शेका.

बातमी मोठी आहे. भिंतीने एक गोष्ट पकडली आणि ती ओळखली मी. दिवा स्टेशनच्या अलीकडे मोठ्या लाइनीत जेवढं पाणी शिरतं तेवढं पुढे निघत नाही. मध्येच नाहीसं होतं. रोज. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सुरू, दोन पन्नासला बंद. सात महिन्यांचे आकडे काढले. रविवार नाही, दिवाळी नाही, एकही दिवस खाडा नाही. जिथे हे होतं तिथे जुन्या नकाशात एक्केचाळीस नंबरचा व्हॉल्व्ह आहे आणि त्यापुढे काहीच नाही, कोरा कागद. आमच्या प्रोग्रामने त्यावर लाल अक्षरांत 'चोरी' असा शिक्का मारलाय.

सलिल सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. एप्रिलमध्ये मला टीम देतील असं दिसतंय. एकतीस जानेवारीला अशा सगळ्या जागांची यादी खात्याला जाते. यादीत आलं की त्या जागी पाइप कापून कायमचं बूच मारायचं, असं ठरलंय. माझं हे काम पहिल्या नंबरवर आहे.

तुमचाच भाग होता तो. एक्केचाळीसच्या पुढे काय आहे, मामा?

तुमची,
स्वप्ना

—

कोळसेवाडी, कल्याण पूर्व
१६ डिसेंबर २०२४

चि. स्वप्ना,
आशीर्वाद.

एक्केचाळीसच्या पुढे काही नाही. पूर्वी रेती काढणाऱ्यांसाठी टाकलेली लाइन होती, ती कधीच मेली. खाडीजवळ तडा असेल, तिथून पाणी जात असेल. एवढ्याशा गोष्टीसाठी यादी कशाला? 'किरकोळ दुरुस्ती' लिही आणि पुढच्या कामाला लाग.

गुडघा बरा आहे. मामीने तिळाची चटणी केली आहे, कोणी येणार असेल तर पाठवते.

राजामामा

—

ठाणे
२९ डिसेंबर २०२४

मामा,
जय भीम.

तडा घड्याळ बघत नाही.

तुमचं पत्र वाचून मी ते आकडे पुन्हा काढले. आधी मी मिनिटांचे बघितले होते, या वेळी सेकंदांचे बघितले. पाणी एकदम वाढत नाही. थोडं वाढतं, थांबतं. पुन्हा थोडं वाढतं, पुन्हा थांबतं. पाच पायऱ्या. प्रत्येक पायरीवर पंचवीस सेकंद, कधी चोवीस, कधी सत्तावीस, कारण मोजणारा माणूस आहे. आणि शेवटी एक बारीकसा उतार, एक आटा मागे.

मी खुर्चीवरून उठून भिंतीजवळ गेले. चौदा मजल्यांखाली, दहा किलोमीटर लांब, जमिनीखालच्या पाइपात तुमचा हात मला दिसत होता. मामा, मी इतकी थक्क आयुष्यात कधी झाले नव्हते. आणि मग भीती वाटली, कारण तुम्ही निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.

काल शनिवार होता. मी कोणाला न सांगता तिथे गेले. दोन वाजता सायकलवरून एक माणूस आला, व्हॉल्व्हची लांब चावी खांद्यावर. शिवराम, तुमच्या जागी आलेला चावीवाला. तुमचं नाव सांगितलं तेव्हा त्याने आधी मला खाली बसायला पुठ्ठा दिला. मग म्हणाला, "ताई, राजरत्नदादा रिटायर झाले ना, त्या दिवशी मला हितं घेऊन आलेले. बोलले, दोन वाजून गेले की हा खोलायचा, पावणेतीनच्या पुढे बंद. कोणाला विचारायचं नाय, कोणाला सांगायचं नाय, एक दिवस चुकवायचा नाय. मी कशाला विचारू? माझ्या लग्नात मी सुट्टी टाकली, पन दोनला इथे येऊन गेलेलो."

मग मी पाइपाच्या मागोमाग चालत गेले. खाडीकडे रेतीपाडा म्हणून वस्ती आहे. दोनशे दहा घरं, मी मोजली. प्रत्येक घरासमोर एक बाई आणि हंडे. कोणी भांडत नव्हतं, कोणी पुढे घुसत नव्हतं. प्रत्येकीला आपला नंबर पाठ. चाळीस मिनिटांत दोनशे दहा घरं भरली आणि एक थेंब खाली सांडला नाही.

यादीत ही ओळ गेली की यांचं पाणी गेलं. एकतीस तारखेला महिना राहिला. मला खरं सांगा.

स्वप्ना

—

कोळसेवाडी, कल्याण पूर्व
४ जानेवारी २०२५

चि. स्वप्ना,

मी तुझ्याशी खोटं बोललो. सहाशे यंत्रांचं वाचल्यापासूनच भीती होती, सहा तारखेला दादरलाही त्यामुळेच आलो नाही. तुला तोंड दाखवायचं धाडस झालं नाही. गुडघ्याला काही झालं नव्हतं.

नव्व्याण्णव सालची गोष्ट. रेतीपाड्यातून आवडाबाई नावाची बाई खात्यात यायची. रेती उपसणाऱ्याची बायको, नवरा खाडीत बुडून गेलेला. वस्तीला नळ द्या म्हणून सात अर्ज केले तिने. सातही अर्ज परत आले, शेरा एकच: सदर वस्ती नकाशात नाही. सातव्या वेळी ती तो कागद घेऊन माझ्याकडे आली, तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला. ती फक्त म्हणाली, "नकाशात नाय, तर मग आम्ही तहानतो कशे?"

पोरी, चवदार तळ्याच्या गोष्टी ऐकत मी मोठा झालो. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी जन्मलो म्हणून बापाने राजरत्न नाव ठेवलं. आणि माझ्या हातात चावी होती. मेलेली लाइन त्यांच्या दारावरून जात होती, दोन सांधे बसवले की झालं. मी ते एका रविवारी बसवले. दोनला माझी पाळी सुरू व्हायची आणि साहेब लोक जेवायला जायचे, म्हणून दोनची वेळ. सोळा वर्षं एक दिवस चुकवला नाही. ताप असला तरी गेलो. आयुष्यात मी केलेलं चांगलं काम कोणी विचारलं तर हे एकच सांगेन, आणि हे कोणाला सांगता येत नाही.

आता तुझ्या भिंतीने ते पाहिलं. मला त्या यंत्राचा राग येत नाही, खरं तर मनातून धन्य वाटलं. पंचवीस मोजत होतो ते कोणाला तरी कळलं.

पण एवढं कर. ती ओळ खोडून टाक. सहाशे जागांतली एक. कोणाला पत्ता लागणार नाही.

तुझा मामा

—

ठाणे
१५ जानेवारी २०२५

मामा,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि तीनही वेळा रडले. तरी ती ओळ मला खोडता येत नाही. यंत्रं रोज तेच सांगत राहतील, मी नाही तर दुसरा कोणी वाचेल, आणि त्याला तुमचा हात ओळखू येणार नाही. तो 'चोरी'च वाचेल.

आणखी एक आहे, ते लिहायला जड जातंय. रविवारी मी पुन्हा रेतीपाड्यात गेले. आवडाबाई भेटल्या. सत्तरीच्या असतील, ताठ आहेत. तुमचं नाव काढल्यावर त्यांनी हात जोडले. मग मी विचारलं, मावशी, दोनच्या पाण्याने काही अडचण होते का? त्या म्हणाल्या, "देवमाणसाने दिलेल्या पाण्याला नाव नको ठेवू, पोरी. पन तूच विचारलंस म्हणून. दोन वाजता घरात बाई पायजेच. कामाला जाईल ती कशी? माझी लेक ठमी दहावीला पहिली आलेली. मानपाड्याला कंपनीत जागा मिळत होती. पाण्याला कोण थांबनार म्हणून ऱ्हायली घरी."

सव्वीस वर्षं दोनशे दहा घरांत एक-एक बाई दोन वाजायची वाट बघत घरी बसली आहे. तुम्हाला हे कोणी सांगितलं नाही, कारण तुम्ही पाणी देत होतात. तुमचा दोष नाही. चोरून दिलेल्या पाण्याला वेळ निवडता येत नाही.

मला सुचतंय ते असं. ओळ खोडायची नाही, तिच्यावरचा शिक्का बदलायचा. 'चोरी'च्या जागी 'ग्राहक' लिहायचं. रेतीपाडा नकाशावर आणायचा आणि खात्याला सल्ला द्यायचा की हे तुमचेच लोक आहेत, यांना रीतसर पाणी द्या. सल्ला देणं हेच तर माझं काम. पण पाइप कुठून जातो, कधीपासून चालू आहे, हे सांगणारा माणूस समोर लागेल. असा माणूस एकच आहे. त्याची चौकशी होईल, पेन्शनला हात लागू शकेल. खातं ऐकेलच असंही नाही.

तुम्ही आलात तर तुम्ही माझे मामा आहात हे मला सलिल सरांना सांगावं लागेल, आणि मग या कामातून मी बाहेर. एप्रिलचं विसरायचं. ते मी करीन.

चोवीस तारखेला सकाळी अकराला खात्याचे मोठे इंजिनिअर आमच्याकडे येणार आहेत. तुम्ही येईपर्यंत तुमचं नाव मी कुठेही लिहिणार नाही. नाही आलात तरी रागावणार नाही.

तुमची,
स्वप्ना

—

कोळसेवाडी, कल्याण पूर्व
२६ जानेवारी २०२५

चि. स्वप्ना,
जय भीम.

तू दरवाजापर्यंत आलीस आणि बाहेरच्या खुर्चीवर बसलीस. आत काय झालं ते तुला कळायला हवं. परवा निघताना घाईत सांगायचं राहिलं, म्हणून लिहितो.

तुझं आवडाबाईंचं वाचून मी चार दिवस नीट जेवलो नाही. मामीला सांगितलं. ती म्हणाली, मला विचारलं असतंत तर नव्व्याण्णव सालीच सांगितलं असतं, दोन ही पाण्याची वेळ नव्हे. बाईला विचारायचं सुचलंच नाही मला. आलो तो त्यासाठी आलो.

गळ्यात पाहुण्याची पाटी अडकवली, लिफ्ट चौदाव्या मजल्यावर गेली, आणि समोर ती भिंत. स्वप्ना, मला वाटलं होतं तू वाढवून लिहिलंयस. तू कमीच लिहिलं होतंस. चौतीस वर्षं ज्याच्यावरून सायकल चालवली ते सगळं पाणी एका नजरेत. कुठली टाकी, कुठला उतार, कुठे माझी लाइन वळते. आंधळ्याने हत्ती चाचपावा तसं मी हे शहर चाचपत होतो. मी हात जोडले, तिथल्या पोरांना वाटलं त्यांना नमस्कार केला.

सलिल साहेब सज्जन आहेत. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी प्रत्येक प्रश्न फळ्यावर लिहिला. मी जाग्यावर उभा राहून सांगत गेलो. कुठे सांधा, किती इंचाचा, कोणत्या साली. शिवरामने माझ्या सांगण्यावरून केलं, त्याला बोल लावू नका, हेही सांगितलं. इंजिनिअर साहेब तरुण आहेत. त्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पेन घेऊन स्वतः लिहिलं: तुम्हाला अधिकार कोणी दिला?

मी म्हणालो, "अधिकार कोणी दिला नाही साहेब. चावी खात्याने दिली होती."

ते भिंतीकडे वळले, रेतीपाड्याच्या काळ्या जागेकडे. मग फळ्यावर लिहिलं: किती घरं? मी सांगितलं, दोनशे दहा. त्यांनी तो आकडा वहीत उतरवला. सात अर्जांना सव्वीस वर्षांत कोणी वहीत उतरवलं नव्हतं.

ठरलं काहीच नाही. माझी चौकशी होईल म्हणाले. होऊ दे. तुझी जागा गेली त्याचं मात्र मला वाईट वाटतं, ते मनापासून वाटतं.

तुझा,
राजामामा

—

ठाणे
११ मार्च २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमच्या चौकशीचा कागद तुम्हाला मिळालाच असेल, समज देऊन प्रकरण बंद. मी आता एका दूध डेअरीच्या कामावर आहे, गाडीला भिवंडीत उशीर का होतो ते शोधते. टीम दुसऱ्याला मिळाली. दोन दिवस वाईट वाटलं, मग ओसरलं.

खरी गोष्ट ही. खात्याने रेतीपाडा नकाशावर घेतला. वेळ कोणती द्यायची हे कोणाला ठरवता येईना. तेव्हा सलिल सरांनी भिंतीलाच विचारलं: कोणाचंही पाणी कमी न करता या दोनशे दहा घरांना कधी देता येईल? सहाशे यंत्रांचे आठ-नऊ महिन्यांचे सेकंद न् सेकंद तिने चाळले आणि एका मिनिटात उत्तर दिलं. सकाळी सहा ते पावणेसात. त्या वेळी वरच्या टाकीत दाब असतो आणि तो कोणी वापरत नाही. इतकी वर्षं ते पाणी तिथे थांबून होतं, मामा. सरांनी हे मला खास फोन करून सांगितलं.

काल पहिला दिवस होता. मला सकाळी जमलं नाही, म्हणून दुपारी दोनला गेले. अख्ख्या गल्लीत मी एकटी. हंडे नाहीत, बायका नाहीत. एका ओळीत दारं आणि दारांना कुलपं. काही कुलपं इतकी नवी की त्यांचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. तिथल्या दुकानदाराने सांगितलं, चार दिवसांत दीडशे कुलपं विकली, आजवर इथे कुलूप कोणी मागितलं नव्हतं.

आवडाबाईंच्या दारालाही कुलूप. कुठे गेल्या म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, उद्या दुपारी कल्याणला जायचं म्हणून शिवरामकडून पत्ता लिहून घेत होत्या, आत्ता रिक्षास्टँड बघायला गेल्यात. पत्ता त्याने मला सांगितला. तुमचा होता.

हे पत्र पोचेल तेव्हा त्या येऊन गेलेल्या असतील. काय झालं ते लिहा.

तुमची,
स्वप्ना

—

कोळसेवाडी, कल्याण पूर्व
१२ मार्च २०२५

चि. स्वप्ना,
आशीर्वाद.

काल आवडाबाई आल्या. सव्वीस वर्षांत दुपारी दोन वाजता मी घरात आणि त्या घराबाहेर, असं पहिल्यांदाच. त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही आणि मामीलाही मी विचारलं नाही.

मी त्यांना तांब्या भरून पाणी दिलं. त्यांनी उभ्यानेच तो सगळा संपवला. मग तांब्या माझ्यापुढे धरला आणि आणखी मागितलं.

तुझा,
राजामामा